हिवाळ्यातलं भयवाचन

३ डिसेंबर, मंगळवार

अखेर नाव दिलं. दुपारी मोठ्या मॅडमनी माझ्यासमोर कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, "ग्रंथालयात काम करणारीच मागे राहिली, तर वाचकांना कुठल्या तोंडानं सांगू?"

हिवाळी भयवाचन. सात आठवडे, सात पुस्तकं. बंद घरांची, खुनांची, भुताखेतांची. कार्डावर सात चौकटी आहेत. पुस्तक संपलं की त्यातलं एक पान घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि चौकटीत ऐकणाऱ्याची सही घ्यायची. ही अट मॅडमनीच काढली आहे. त्या म्हणतात, भीती एकट्यानं वाचली तर अर्धीच कळते.

खरं ते लिहिते. मी आजवर पाठ्यपुस्तकांपलीकडे काही वाचलेलं नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली. परीक्षेला नसलेलं पान वाचणं म्हणजे उधळपट्टी, असंच मला वाटत आलं. ग्रंथालयात मी पुस्तकांचे कणे चिकटवते, क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावते, पण आत काय आहे असं कुणी विचारलं की कपाटात तोंड घालते. नोकरी अजून कच्चीच आहे.

संध्याकाळी आईला सांगितलं, "सातही पूर्ण करावी लागतील. मधेच सोडून चालणार नाही."

"मग कर की," ती म्हणाली. "मी नाही तुझ्या मधे येत."

आईला सही येत नाही. अंगठा चालेल का, ते उद्या मॅडमना विचारायचं.

८ डिसेंबर, रविवार

पहिलं पुस्तक संपलं. डोंगरावरच्या एका घराचा मालक दरवर्षी एक खोली बंद करत जातो आणि शेवटी स्वतः जिन्यावर राहायला येतो. मी प्रस्तावना वाचली, अर्पणपत्रिका वाचली, छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला. गाळलं असतं तर कार्डावर 'वाचलं' असं लिहिणं खोटं झालं असतं.

अंगठ्याचं विचारल्यावर मॅडम हसल्या. "अंगठाच काय, भुताचा पंजाही चालेल. ऐकणारं कुणीतरी हवं."

आईला जिन्याचं पान वाचून दाखवलं. तिचा अंगठा चौकटीच्या अर्धा बाहेर, दुसऱ्या चौकटीत पडला. मी म्हटलं, "अगं, बघून लाव ना." तर म्हणते, "तुमची चौकट केवढी, माझा अंगठा केवढा! धागे कापून कापून तो गावाएवढा झालाय." ती शिलाई कारखान्यात तयार कपड्यांचे सुटे धागे कापते. हल्ली कात्री तिच्याच बोटांना फार लागते. आज दोन बोटांना पट्ट्या होत्या. कात्री नवी आहे म्हणाली.

वाकडा अंगठा मॅडमना दाखवायचा म्हणून मला उगाच अपराध्यासारखं होतंय.

११ डिसेंबर, बुधवार

आमच्या बोळकांडीत चार तसबिरी आहेत. बाबांचा फोटो, दादाचा त्याच्या ट्रकसोबतचा, माझा पदवीचा आणि शेजारी ती पदवी. बाहेरच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत एका ओळीत मीच लावल्या, उन्हाळ्यात इथे राहायला आलो तेव्हा.

आज संध्याकाळी आले तर चारही वाकड्या. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. कालही तसंच वाटलं होतं, पण काल मी मनावर घेतलं नाही. सरळ केल्या. पट्टीनं मोजून प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्याशी भिंतीवर पेन्सिलीची बारीक खूण केली.

आईला विचारलं. ती म्हणाली, "ट्रक जातात ना खालून, भिंत हादरते." आमच्या गल्लीत सायकल वळायची मुश्कील.

१२ डिसेंबर, गुरुवार

चारही खुणेच्या खाली उतरल्या आहेत. दीड बोट.

१५ डिसेंबर, रविवार

दुसरं पुस्तक एका दीपगृहाचं होतं. रखवालदाराला दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागतं. कडं दिसलं की तिसऱ्या दिवशी समुद्रातून कुणीतरी वर येतं. हे पान आईला वाचून दाखवायला नको होतं.

ती ऐकता ऐकता एकदम म्हणाली, "आपल्या दिव्याभोवती दिसतं का गं तुला असं कडं? इंद्रधनुष्यासारखं?"

मी वर पाहिलं. साधा दिवा, साधा उजेड. "तुला दिसतंय?"

"छे. मी आपलं विचारलं."

पण तिनं कपाळ दाबून धरलं होतं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मळमळतंय म्हणून जेवलीही नाही. माझ्या वाचण्यानं तिला भीती बसली असणार. अंगठा या वेळी चौकटीच्या पूर्ण बाहेर, कार्डाच्या कडेवर पडला.

दादाचा फोन आला होता. तो पंधरा पंधरा दिवस रस्त्यावर असतो. तसबिरींचं सांगितलं तर हसत सुटला. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! आणि तू तर ब्रह्मराक्षस ग्रंथालयातून घरी आणतेस, तोही नोंद करून!"

"दादा, मी खुणा केल्यात. मोजलंय."

"मग वेळेवर परत कर बाई, नाहीतर ब्रह्मराक्षसालाच दंड बसायचा."

१६ डिसेंबर, सोमवार

पहाटे आवाज ऐकला. बोळकांडीतून भिंतीवर काहीतरी घासत चाललं होतं. सर्र, मग थांबे. सर्र, मग थांबे. न्हाणीघराच्या दाराशी येऊन थांबलं आणि मग तसंच परत गेलं. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. उठून बघावं असं वाटलं, पण उठले नाही. इथे तरी कबूल करते.

सकाळी आईला विचारलं, "पहाटे काही ऐकलंस?"

"नाही बाई." चहा ओतताना तो कपाच्या शेजारी, सरळ टेबलावर सांडला. ऐकून तिचाही हात कापला असेल. म्हणजे तिनंही ऐकलंय आणि मला घाबरवायचं नाही म्हणून लपवते आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

जिन्यात समोरच्या मावशी भेटल्या. "तुझी आई रागावली का गं माझ्यावर? काल शेजारून गेली, मी हाक मारेपर्यंत ढुंकून पाहिलं नाही. मग हाकेसरशी दचकली, जणू मी भिंतीतून निघाले."

मी म्हटलं, "नाही हो मावशी, दमते ती."

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, आमच्या आधी इथे एक म्हातारा एकटाच राहायचा. शेवटी शेवटी भिंतींवर हात फिरवत बसायचा. "काय चाचपायचा देव जाणे," म्हणाल्या.

घर भाड्यानं घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं. आईला सांगू नये असं ठरवलं आहे. ती आधीच भेदरलेली असते. परवा घरात शिरताना उंबऱ्यावर पाऊल नीट न पडून गुडघा फोडून घेतला.

२९ डिसेंबर, रविवार

चौथं पुस्तक संपलं. विषाच्या बाटलीचं होतं. त्यात खून कुणी केला ते मला शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही. मॅडमना तिसाव्या पानावर कळलं होतं म्हणे. "तू प्रत्येक शब्द वाचतेस," त्या म्हणाल्या, "म्हणून तुला माणूस दिसत नाही." मला वाईट वाटलं. मन लावून वाचणं हा दोष कसा?

आईला कारखान्यात धाग्यांवरून काढून घड्या घालायला बसवलंय. चांगलंच झालं, बोटं तरी वाचतील. तिला मात्र आनंद झालेला दिसला नाही.

"किती राहिली तुझी पुस्तकं?" तिनं विचारलं.

"तीन."

"तीन," ती म्हणाली. आणि मग, "भरभर नाही का होणार?"

तिलाही ही पुस्तकं घराबाहेर जायला हवी आहेत. मला कळतं.

२ जानेवारी, गुरुवार

आज दिवेलागणीला घरी आले, तर दार नुसतं लोटलेलं, आत अंधार. दिव्याचं बटण दाबणार तोच दिसलं की आई समोर खुर्चीवर बसली आहे. ताठ. तोंड दाराकडे. बाहेरच्या जिन्यातला उजेड माझ्या अंगावर होता, मी तिला अगदी समोर दिसत होते.

मी गप्प उभी राहिले. का, ते माहीत नाही.

ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखच नव्हती. मग बारीक आवाजात म्हणाली, "कोण?"

मी "आई" म्हटल्याबरोबर तिचा चेहरा पुन्हा तिचा झाला. "अगं, तू होय! डोळा लागला होता." पण तिचे डोळे उघडे होते. मी पाहिले आहेत.

पाचव्या पुस्तकात हेच आहे. घर आधी माणसाचं जेवण घेतं, मग झोप, मग ओळख.

५ जानेवारी, रविवार

पाचवं पुस्तक संपवलं, पण आईला एकही पान वाचून दाखवलं नाही. तिला उचलून दुसरीकडे न्यावंसं वाटतं. पण कुठे, आणि काय सांगून? ग्रंथालयात काम करणाऱ्या पदवीधर मुलीनं घरमालकाला जाऊन सांगायचं, की तसबिरी वाकड्या होतात?

आधी पुरावा हवा. गुरुवारी दुपारची अर्धी रजा मागितली आहे. कारण खरंच लिहिलं: 'घरगुती तपासणी'. दुपारी घर रिकामं असतं. बोळकांडीच्या टोकाला स्टूल टाकून बसायचं, आवाज करायचा नाही, आणि तसबिरींवरून नजर हटवायची नाही. जे काही येईल ते येईल. आईला घेरण्याआधी मला ते दिसायला हवं.

९ जानेवारी, गुरुवार

क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

एक वाजता घरी आले. तसबिरी खुणांवर सरळ केल्या. दार आतून लावलं नाही, कारण ज्याला यायचंय त्याला कडी अडवत नाही. आतल्या खोलीच्या तोंडाशी स्टुलावर बसले, भिंतीला चिकटून. मागच्या खिडकीत भरपूर ऊन होतं, बोळकांडीत मात्र अंधूक.

दोनच्या सुमाराला दार उघडलं. आई होती. ही तिच्या यायची वेळ नव्हे. मी हाक मारणार होते, पण तिनं दार लावलं आणि डावा तळहात उघडा करून भिंतीवर टेकवला.

ती चालू लागली. हात भिंतीवरून सर्र घासत. "एक, दोन, तीन," ती हळू आवाजात मोजत होती. बाबांच्या फोटोला हात लागला, तो झुकला. तिनं थांबून बोटांनी चौकट चाचपली, सरळ करायचा प्रयत्न केला, आणखी वाकडी केली. "चार, पाच." दादा. मी. मग माझी पदवी. ती मात्र तिनं दोन्ही हातांनी सरळ केली. फार वेळ लावला. मग सातव्या पावलाला ती माझ्यापुढून गेली. मी तिच्या उजव्या हाताला होते. तिचा पदर माझ्या गुडघ्याला लागला असता इतकी जवळ. तिनं पाहिलं नाही.

माझा श्वास मोठ्यानं सुटला असावा. ती जागच्या जागी थिजली.

"कोण आहे?"

मला बोलता येईना. आई, मी आहे, एवढं म्हणायचं होतं.

ती माझ्या बाजूला वळली, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. दोन्ही हात पसरून ती आतल्या दारात आडवी उभी राहिली. "काय हवं ते घे आणि जा," ती म्हणाली. "माझी पोर यायची वेळ झालीय. ती यायच्या आत जा. तिला काही करू नकोस."

मी तिच्या पायाशी बसले आणि "आई" म्हणाले. तिनं वाकून माझं तोंड चाचपलं. नाक, कपाळ, वेणी. मग फाडकन माझ्या पाठीत धपाटा घातला. "मेले! जीव गेला असता ना माझा!" आणि मग आम्ही दोघीही रडलो.

आज कारखान्यातून तिला घरी पाठवलंय. घड्या चुकत होत्या.

१० जानेवारी, शुक्रवार

काल तिनं सांगितलं ते.

उजव्या डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही. डाव्याला समोरचं दिसतं, कडेचं नाही. उजेड कमी झाला की तेही नाही. सप्टेंबरपासून.

ती ऑक्टोबरमध्ये एकटीच डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती. तिथे खुर्चीत बसवून समोर पाटी लावली आणि तपासणारी बाई म्हणाली, "वाचा." आई गप्प. ती बाई म्हणाली, "सगळ्यात वरचं मोठं अक्षर तरी वाचा." मागे बाकावर माणसं बसली होती.

"मग तू काय केलंस?"

"म्हटलं, आज जमणार नाही. आले उठून. ज्यांना वाचता येतं त्यांचंच तपासतात ते, बाय. आपलं कुठलं तपासणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तर तुझी परीक्षा लागली."

"कसली परीक्षा?"

"हीच की. सात पुस्तकांची. कार्ड, चौकटी, अंगठे. पास झालीस की नोकरी पक्की करतील ना? म्हटलं, सात आठवडे काढू. डोळे कुठे पळून जातात?"

मी चार आठवडे या घरात भूत शोधलं. खुणा केल्या, मोजमापं घेतली, रजेचा अर्ज केला. दिव्याभोवतीचं कडं तिनं मला स्वतः विचारलं होतं. मी दिव्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फोन करून सोमवारची वेळ मिळवली. म्हणाल्या, "सोमवारी इकडे फिरकू नकोस." आणि नोकरीचा नि पुस्तकांचा काही संबंध नाही, हे मी आईला सांगावं असंही म्हणाल्या. मला ते अजून सांगवलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

दवाखान्याच्या दारात आईनं माझा हात घट्ट धरला. "त्या पाटीचं सांग आधी," म्हणाली.

मी तपासणाऱ्या बाईंना सांगितलं. जरा मोठ्यानंच. "माझ्या आईला वाचता येत नाही. पण दिसतं की नाही ते तिला सांगता येतं." त्या अवघडल्या. त्यांनी दुसरी पाटी काढली. तिच्यावर अक्षरं नाहीत, फणीसारखी एकच आकृती आहे, कधी दाते वर, कधी खाली, कधी उजवीकडे. दाते जिकडे, तिकडे हात करायचा. बस्स. ही पाटी ऑक्टोबरमध्येही त्याच भिंतीला, पहिल्या पाटीच्या मागे टांगलेली असणार.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब फार वाढला आहे. उजव्याची गेलेली नजर परत येणार नाही. डाव्यात किती उरली आहे ते यंत्रावर पाहायचं आणि जी उरली ती औषधानं राखायची. "थोडं आधी यायला हवं होतं," ते म्हणाले. मी विचारलं, "किती आधी?" त्यांनी यंत्राच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. मी पुन्हा विचारलं नाही.

यंत्राच्या खोलीत अंधार लागतो, म्हणून मला बाहेर बसवलं. आत आईच्या हातात एक बटण देतात. दिवा कुठेही चमकला की दाबायचं. दारातून त्याचा आवाज येतो. टक्.

आधी उजवा डोळा. मी ऐकत राहिले. टक्. मग काही नाही. यंत्र घुं घुं करत दिवे दाखवत होतं, एकामागून एक, आणि आत नुसती शांतता. मी हिवाळाभर जी भीती वाचली, त्यातली एकही या शांततेच्या पासंगाला पुरत नव्हती. मग डावा. टक्. टक्. पुन्हा मोठा खंड. टक्.

बाईंनी कागद आणून दिला. डाव्या डोळ्याच्या चित्रात कडेनं काळं होतं आणि मध्येही काळे ठिपके. "डॉक्टरांना दाखवा, पण मध्ये असे डाग म्हणजे फार चांगलं नाही," त्या म्हणाल्या.

आई बाकावर येऊन बसली. "किती सुटले गं?"

मला खोटं बोलता येत नाही. "उजव्यात बहुतेक सगळे. डाव्यात बरेच."

पदर बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "डाव्यातले काही मला दिसले होते."

"म्हणजे?"

"अगदी बारीक होते. खरंच आहेत की मला भास होतोय, कळेना. उगाच दाबलं आणि खोटं निघालं तर? म्हणून नाही दाबलं."

मी तिच्याकडे पाहिलं. खोटं ठरू नये म्हणून आपल्याच डोळ्यांची साक्ष न देणारी ही बाई. छापखान्याचा पत्ता न गाळणारी मी कुणावर गेले, ते मला आज कळलं.

यंत्राच्या खोलीचं दार बंद झालं होतं आणि बाहेर सहा माणसं थांबली होती. मी कधी कुणाला एकच गोष्ट दोनदा मागितलेली नाही. उठून दार वाजवलं.

"आईची डाव्या डोळ्याची तपासणी पुन्हा करा."

"अहो, झालीय ती. डॉक्टर बघतील ना कागद."

"तो कागद बरोबर नाही. तिला दिसत होतं, तिनं भीतीनं दाबलं नाही. त्याच कागदावर औषध ठरणार आहे ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "घ्या हो घ्या, आमचे डोळे काय आज तरुण होणार आहेत?"

"बसवा," बाई म्हणाल्या.

मी आईला खुर्चीपर्यंत नेलं, तिचा अंगठा बटणावर ठेवला आणि कानात सांगितलं, "जरासं वाटलं तरी दाब. चुकलं तर चुकू दे. चूक माझ्या नावावर."

"तुझ्या नावावर कशाला," ती कुजबुजली. "एवढी काही मी लेचीपेची नाही."

दार लागलं. मी बाहेर उभी राहिले. बसवेना. यंत्र सुरू झालं. बराच वेळ काहीच आलं नाही. मग, अगदी हळू, जणू कुणाची परवानगी विचारत, टक्. लगेच दुसरा. मग थांबा, इतका लांब की रांगेतले आजोबाही दाराकडे बघू लागले.

टक्.